थोरलीचा डावा खांदा

खुशालराव टेलरांच्या दुकानात खुंटीला एक कागद टांगलेला असे, आणि त्या कागदाला नाव होतं. गाईला, बैलाला, फार तर घोड्याला माणूस नाव देतो. खुशालरावांनी कागदाला दिलं होतं. थोरली. जाड खाकी कागद, मागून मांजरपाट खळीनं चिकटवलेला, कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. बाईमाणसाच्या वरच्या अंगाचा तो पुरा आकार होता: गळा, दोन्ही खांदे, बाह्या जोडायचे दोन्ही मुंढे, छाती, कंबर. बाकीचे टेलर अर्ध्या अंगाचा कागद ठेवतात आणि कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापतात. खुशालरावांना ते पटत नसे. माणूस डावीउजवीकडं सारखा असतो हे तुमाले कोनं सांगतलं, असं ते विचारत. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला पोलकं शिवायला आलेल्या माणसाकडं वेळ कुठला.

शेजारच्या खुंटीवर धाकट्या होत्या. बंद गळ्याची, पफ बाहीची, लांब बाहीची. पण बंद गळ्याच्या धाकटीवर फक्त गळा काढलेला असे आणि पफ बाहीच्या धाकटीवर फक्त बाही. बाकीचं अंग कुठं आहे म्हणाल, तर ते थोरलीत. जे थोरलीत आहे ते पुन्हा कशाला काढायचं? ते न सांगता आलंच. थोरलीत जे नाही, किंवा आहे पण निराळं हवंय, तेवढंच धाकटीनं सांगायचं. आणि कपडा कोणताही असो, त्याची सुरुवात एकाच रीतीनं व्हायची. कापड अंथरायचं, थोरली ठेवायची, गिऱ्हाइकाच्या जुन्या पोलक्याचं माप तिच्यावर मांडून खडूनं आखायचं. ते पुरं झालं की मगच धाकटीला हात लावायचा. आधी थोरलीचं, मग धाकटीचं. खुशालराव हे इतक्यांदा म्हणत की शेजारच्या सायकलवाल्यालाही ते पाठ झालं होतं.

पंचफुलाला मात्र ते पाठ व्हायला एक पोलकं वाया घालवावं लागलं. वलगावहून ती सून म्हणून अमरावतीत आली तेव्हा घरात बाई नव्हती. सासू केशरबाई तिच्या लग्नाआधीच गेली होती. नवरा देवमन तहसील कचेरीत कारकून. सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी त्याला घाम फुटे, आणि खुशालरावांनी त्याच्यावरची आशा तो शाळेत होता तेव्हाच सोडून दिली होती. सून काज-बटणं करता करता मशीनवर बसली, मशीनवर बसता बसता कातरीकडं पाहू लागली, आणि एक दिवस सासरा जेवायला आत गेलेला पाहून तिनं स्वतःच पोलकं कापायला घेतलं. पफ बाहीची धाकटी सरळ कापडावर ठेवली. बाह्या कापल्या. मग बंद गळ्याची धाकटी घेतली आणि गळपट्टी कापली. हे सगळं इतकं सुरेख झालं की ती स्वतःवरच खूश झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की उरलेल्या चिंधीत आता अंग बसत नाही.

खुशालराव हात पुसत बाहेर आले. त्यांनी त्या दोन बाह्या उचलून उजेडात धरल्या.

"बाह्या झाल्या," ते म्हणाले. "आता बाई कुठं हाय?"

आणि खोकला येईपर्यंत हसले. पंचफुला रडायच्या बेतात होती, पण सासराच असा हसतोय म्हटल्यावर तिलाही हसू फुटलं. त्याच दिवशी त्यांनी तिला कापायला शिकवायला घेतलं. सुनेला सासऱ्यानं शिकवावं हे गल्लीत नवलाचंच होतं. डोक्यावरचा पदर सांभाळत ती टेबलाच्या या बाजूला उभी राही, ते त्या बाजूला, आणि मध्ये थोरली.

त्यांची एक लकब होती. पंचफुलानं सगळं आखून झालं, की ते कातर लगेच हातात देत नसत. खडू मागून घेत, कापडावर वाकत, कुठंतरी वरच्या अंगाला एक बारीकशी रेघ ओढत आणि मग म्हणत, हं, चालव. तिनं आखलेलं कितीही नीट असो, तेवढी रेघ ते ओढायचेच. पंचफुलाला वाटे, हा थोरांचा हात. पेरणीच्या आधी घरातला म्हातारा पहिली मूठ टाकतो, तसं काहीसं. तिला ते फार आवडे. बापाच्या घरी तिच्या कामाला असा हात कोणी लावला नव्हता. कातर त्या रेघेवरून आपसूक फिरे, पण ती रेघ कुठं जाते, किती जाते, हे पाहण्याचं तिच्या मनातही आलं नाही, आणि पाया पडताना पायाची बोटं कोण मोजतो, हेही खरंच.

एकसष्ट साली कुंदाताई त्यांच्या दुकानात आल्या. त्या अकोल्याला बायकांच्या शिवण केंद्रात मुख्य होत्या. माहेर अमरावतीचं, म्हणून येणंजाणं असे. पंचफुलानं स्वतः काढलेली चौकोनी गळ्याची धाकटी त्यांनी पाहिली आणि त्यांना ती आवडली. केंद्रातल्या बायकांसाठी आधी थोडी पोलकी शिवून द्या म्हणाल्या, आणि जाता जाता खरी गोष्ट सांगितली. अमरावतीत तसंच एक केंद्र काढायचं ठरत होतं. तिथं शिकवायला बाई हवी होती. काम चांगलं दिसलं तर त्या पंचफुलाचं नाव पुढं करणार होत्या.

पंचफुला त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरली. शिकवणारी बाई! वलगावच्या शाळेत ती चौथीपर्यंत गेली होती, आणि तिथं मास्तरांच्या टेबलाजवळ जायचीसुद्धा तिला भीती वाटे. आता तिचंच टेबल असणार होतं. देवमननं हे ऐकून कचेरीत दोघातिघांना आगाऊ सांगूनही टाकलं, म्हणजे आता मागं फिरायची सोय उरली नाही.

नेमके तेव्हा खुशालराव धामणगावला बहिणीकडं लग्नाला गेले होते. कुंदाताईंना पोलकी लवकर हवी होती, म्हणून पंचफुलानं सगळी एकटीनं कापली. आधी थोरली, मग आपली धाकटी, सगळं रीतसर. पोलकी अकोल्याला गेली, आणि पंधरवड्यानं कुंदाताई तेच गाठोडं घेऊन परत आल्या. बाई भल्या होत्या. त्यांनी आधी पाणी मागितलं, गळ्याची तारीफ केली, टीप किती सारखी आहे ते सांगितलं, आणि मग म्हणाल्या की प्रत्येक पोलकं डाव्या खांद्याला ओढतं. हात वर केला की काखेत आवळतं. एकाचं नाही, सगळ्यांचं.

"हात तुमचा छान आहे," त्या म्हणाल्या, "पण शिकवणाऱ्या बाईचं असं चालायचं नाही. पुढच्या महिन्यात अकोल्याला या. नवी पोलकी आणा, आणि नवशिक्या बायकांपुढं कापड कापून दाखवा. मी तोवर नाव थांबवून ठेवते."

त्या गेल्यावर पंचफुला बराच वेळ त्या गाठोड्याकडं पाहत बसली. सासऱ्यानं, तिच्या मामाजींनी, शिवलेलं पोलकं कधी परत आल्याचं तिला आठवत नव्हतं. तेच टेबल, तीच कातर, तीच थोरली. मग चूक आपल्याच हातात असली पाहिजे. तिनं पुन्हा एकदा जुन्या कापडावर सगळं आखलं, पुन्हा खांदा तसाच. शेवटी तिनं थोरलीच खुंटीवरून काढली, टेबलावर सपाट केली आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत दोरा ताणून धरला. दोरा उजव्या खांद्याला टेकला आणि डाव्या खांद्यावर अधांतरी राहिला. थोरलीचा डावा खांदाच अर्धं बोट खाली होता.

तिला आधी हायसं वाटलं, मग वाईट. म्हणजे मामाजींनी तरुणपणी हा कागद काढला तोच चुकीचा. इतकी वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही! (आलं नाही तर त्यांची पोलकी बरोबर कशी बसत, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारायला हवा होता. पण चूक सापडल्याच्या आनंदात माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही.) म्हाताऱ्याला हे तोंडावर कसं सांगायचं? ज्यानं शिकवलं त्यालाच तुझं मूळ वाकडं आहे म्हणायचं? पंचफुलाला ते जमणं शक्य नव्हतं. तिनं कणकेची खळ केली, तसल्याच खाकी कागदाची पट्टी कापली आणि डाव्या खांद्यावर अशी बसवली की जोड दिसू नये. वाळल्यावर वाटीच्या बुडानं घोटली आणि थोरली खुंटीला लावून टाकली. आपण सासऱ्याची लाज राखली, असं तिला मनापासून वाटलं.

धामणगावहून आल्यावर खुशालरावांना परीक्षेचं कळलं. ते खूश झाले, आणि म्हणाले की परीक्षेचं तुह्यं तू काप, मी हात लावनार नाही. पंचफुलाला ती शेवटची रेघ मिळणार नाही याचं थोडं वाईट वाटलं, पण पोलकी अशी बसली की गल्लीतल्या ज्या बाईला घालून पाहायला दिली तिनं ती परत द्यायला कां-कूं केलं.

आणि इकडं खुशालरावांचं बिघडू लागलं.

पहिलं पोलकं गोदावरीबाईंचं. मोरोपंत वकिलांची ही बायको. शिवून आलेलं पोलकं ती पाणी शिंपडून घरात घेई, खुशालरावांना ओट्याच्या वर येऊ देत नसे, पण दुसऱ्या टेलरचं नावही काढत नसे. सोवळं आणि मुंढा यांत तिनं कितीतरी वर्षं मुंढ्यालाच जास्त मान दिला होता. तिनं पोलकं परत पाठवलं. डाव्या खांद्यावर फुगा येतोय म्हणाली. खुशालरावांनी ते उसवलं, दुरुस्त केलं, पाठवून दिलं. मग दुसऱ्या एका बाईचं तसंच आलं. मग आणखी एक. खुशालराव प्रत्येक पोलकं उजेडात नेऊन पाहत, बोटानं चाचपत आणि उसवायला घेत. गोदावरीबाईंचं नवं पोलकं त्यांनी दुप्पट काळजीनं कापलं, आणि तेही फुगलं.

त्यानंतर त्यांनी कातर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मशीनवर झाकण घातलं. रस्त्याकडच्या बाकावर ते नुसते बसून राहू लागले. पहिल्या मोठ्या लढाईच्या दिवसांत ते पलटणीत शिवणकाम शिकले होते. तिथून आल्यापासून त्यांच्या हाताला असा रिकामेपणा माहीत नव्हता. कोणी कापड घेऊन आलं तर सुनेकडं बोट दाखवत. डोळे गेले, ते म्हणाले, हात बी गेला. देवमननं चष्म्याचा नंबर काढू म्हटलं तर मान हलवली. जेवणही निम्म्यावर आलं. पंचफुलाला राहून राहून वाटे की म्हातारपण असं एकदम कोसळत असतं का.

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी गोदावरीबाईंकडून निरोप आला की सणासाठी पोलकं हवंय आणि ते खुशालरावांनीच कापायला हवं. पंचफुलानंच त्यांना उठवलं. एकदा हात चालवून तर पाहा म्हणाली, मी समोर उभी राहते. ते नाइलाजानं टेबलापाशी आले. कापड अंथरलं, थोरली ठेवली, खडू फिरवला. थोरली उचलून बाजूला केली. आणि मग त्यांचा हात, त्यांचं तिकडं लक्षही नसताना, डाव्या खांद्याकडं गेला आणि आखलेल्या रेघेच्या वर अर्धं बोट दुसरी रेघ ओढून आला.

पंचफुलानं ते पाहिलं. या वेळी रेघ कुठं जाते हे तिनं पाहिलं.

तो आशीर्वाद नव्हता. ती दुरुस्ती होती. थोरलीचा खांदा खाली आहे हे त्या हाताला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि प्रत्येक कपड्याला तो हात तेवढा खांदा वर घेत होता. तिनं मुळातच पट्टी लावली, आणि त्या हाताला ते कोणी सांगितलं नाही. मामाजींचे डोळे शाबूत होते. मामाजींना म्हातारं तिनं केलं होतं.

एक क्षण तिच्या मनात आलं की उद्या अकोल्याला जाऊन येऊ, नाव पक्कं होऊ दे, मग सांगू. आता सांगितलं आणि ते रागावले, थोरलीला हात लावू नको म्हणाले, तर उद्या बायकांपुढं काय मांडणार? पण समोर खुशालराव कातर हातात घेऊन उभे होते आणि ती चालवायला भीत होते. सत्तरीकडं झुकलेला माणूस, पोरासारखा भीत होता. तिला ते बघवेना.

"मामाजी, कापू नका," ती म्हणाली. "तुमचे डोये गेले नाही. थोरली म्या बदलली."

त्यांना आधी कळलंच नाही. तिनं थोरली उचलून डावा खांदा त्यांच्या पुढं धरला, पट्टीचा जोड नखानं दाखवला, दोऱ्याचं सांगितलं, खांदा चुकला असन वाटलं म्हणाली. तिनं सगळं सांगितलं, कुंदाताईंच्या गाठोड्यापासून. आता शिव्या खायच्या म्हणून मान खाली घालून उभी राहिली.

खुशालराव स्टुलावर बसले. त्यांनी थोरली मांडीवर घेतली.

"चुकला नाही तो," ते म्हणाले. "तो केशरचा हाय."

पंचफुलानं तोवर सासूचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांनी मग सावकाश सगळं सांगितलं. केशरबाई लहानपणी चांदूर रेल्वेच्या बाजारात जाताना कापसाच्या बैलबंडीवरून पडली होती. खांद्याचं हाड मोडलं, ते कोणीतरी कसंबसं बसवलं, आणि डावा खांदा कायमचा खाली राहिला. तो हात कानाच्या वर जात नसे. वेणी घालायची तर ती डोकंच कलतं करून हाताकडं नेई. पलटणीतून खुशालराव आले ते पुरुषी सदऱ्याचे कागद घेऊन. बायकांची पोलकी शिवायची तर कागद हवा, आणि गल्लीतली कुठली बाई परक्या पुरुषापुढं मापाला उभी राहणार? म्हणून केशरबाई उभी राहिली. भिंतीला कागद लावला, तिला पाठ टेकून उभं केलं आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. कागद खाली काढल्यावर ती हसली होती. माह्या वाकड्या खांद्याचं साऱ्या गावाले काहून घालतं, असं म्हणाली होती. त्यांनी सांगितलं, सध्या हाच असू दे, हातानं वर घेतो, सवड झाली की दुसरा काढू. सवड झाली नाही. आणि मग केशरबाईच राहिली नाही.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी सगळी वस्ती दीक्षेला नागपूरला निघाली. बायकांना पांढरी पोलकी हवी होती. खुशालराव दिवसभर मशीनवर असत, आणि वस्तीतल्या झाडून साऱ्या बायकांचं पोलकं त्या एका कागदावरून निघालं. केशरबाईला तो दिवस दिसला नाही, पण त्या दिवशी जिनं जिनं पांढरं घातलं, तिचं पोलकं पहिल्यांदा केशरबाईच्या खांद्यावरूनच आखलं गेलं होतं.

"दुसरा कागद मले केव्हाबी काढता आला असता," खुशालराव म्हणाले. "पर असा आधी हाताले तिचा खांदा लागते. मंग मी तो वर घेतो. तेवढीच भेट होते."

पंचफुलाला रडू आवरेना. ती पदरानं डोळे पुसत आत गेली, फडकं ओलं करून आणलं आणि म्हणाली की पट्टी आत्ता भिजवून काढते, जुना खांदा जसाच्या तसा करते. उद्याचं काय होईल ते होऊ दे. तिनं फडकं जोडावर ठेवलं, तर त्यांनी तिचा हात धरला. सासऱ्यानं सुनेचा हात धरण्याची त्या घरात ती पहिली वेळ.

"राहू दे, पोरी. साऱ्या जिंदगीत तो हात तिले वर नेता आला नाही. हिवाळा आला का ठनकत जाय. म्या रोज कपड्यावरचा खांदा वर घेतला, तिचा कोनी घेतला नाही. तुह्या हातानं घेतला गेला, तर आता खाली नको आनू."

दुसऱ्या दिवशी थोरली वर्तमानपत्रात गुंडाळून पंचफुला देवमनबरोबर बडनेऱ्यावरून अकोल्याला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या बायका एकदम तिच्याकडं पाहत होत्या. कुंदाताईंनी सांगितलं की या सगळ्या नव्या आहेत, यांना कपडा सुरू कसा करायचा तेवढंच कळू द्या. पंचफुलानं थोरली टेबलावर उघडली. मग तिला वाया गेलेल्या बाह्या आठवल्या आणि तिनं तीच गोष्ट सांगितली, सासऱ्याच्या प्रश्नासकट. बायका खळखळून हसल्या. हसल्यावर त्यांना थोरली कशी असते आणि धाकटी थोरलीशिवाय का उभी राहत नाही, हे समजावून सांगायची फारशी गरज उरली नाही. एका बाईनं मात्र विचारलं की धाकटीनं थोरलीचं काही बदललं तर चालतं का. चालते, पंचफुला म्हणाली, आपल्यापुरतं खुशाल बदलावं. थोरलीलेच हात लावायचा असन, तर आधी घरात विचारून घ्यावं, तिच्या जिवावर कोन कोन उभं हाय. कुंदाताईंना हे फार सुरेख वाटलं. ते कुठून आलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पंचफुलानं सांगितलं नाही. निघताना त्यांनी अमरावतीच्या केंद्रासाठी तिचं नाव पक्कं केल्याचं सांगितलं.

परत आली तर दुकानाची फळी उघडी होती. मशीनवरचं झाकण काढलेलं, कातर फडक्यातून बाहेर. खुशालरावांनी निकाल विचारला, ऐकला, समाधानानं मान हलवली. आणि लगेच थोरली मागून घेतली, कारण गोदावरीबाईंचं पोलकं अजून व्हायचं होतं. देवमन आत जाऊन पाय धुऊ लागला. पंचफुला टेबलाच्या या बाजूला उभी राहिली.

खुशालरावांनी कापड अंथरलं. थोरली ठेवली, आखलं, उचलून बाजूला केली. मग त्यांनी डाव्या हातानं आपलंच उजवं मनगट घट्ट धरलं आणि तसेच उभे राहिले. खडू बोटांतच होता. पंचफुलाला वाटलं काही दुखतंय की काय. तिनं विचारलं.

"दुखत नाही," ते म्हणाले. "हात सोडला का तिच्याकडं जाते."

 पंचफुला टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली आणि मनगटावरची त्यांची बोटं तिनं हलकेच सोडवली.

"जाऊ द्या, मामाजी. तुमी ओढा रेघ. मी पुसून मंग कापीन."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग हात मोकळा सोडला. हात डाव्या खांद्याकडं गेला, अर्धं बोट वर एक बारीक रेघ ओढून आला, आणि खुशालराव म्हणाले, हं, चालव. पंचफुलानं बोट ओलं केलं, ती रेघ पुसली आणि कातर घेतली.

पुढं सकाळी दुकान आणि दुपारी केंद्र असं तिचं चाललं. खुशालराव होते तोवर प्रत्येक पोलक्यावर ती रेघ ओढली गेली आणि प्रत्येक वेळी तिनं ती पुसली, आणि ती रेघ नको आहे, असं त्या घरात कोणी कधी म्हटलं नाही.